दिवसाची दुर्बीण, रात्रीची पारख

निवृत्तीच्या रकमेतून मामांनी स्वतःसाठी एकच खरेदी ठरवली आहे: एक उत्तम बायनॉक्युलर. स्वारोव्स्की, झाइस किंवा लायका, या तीन कंपन्यांपैकी एकीचं. किंमत आपल्याकडे दोन लाखांच्या पुढे जाते. मामा बेळगावला टिळकवाडीत राहतात. शाळेत मास्तर होते, आणि पक्षी बघणं त्यांनी शाळेइतक्याच नेमानं केलं. मी निपाणीत भौतिकशास्त्र शिकवते आणि अमावास्येच्या आसपास तवंदी घाटाच्या माथ्यावर, स्तवनिधीच्या पुढच्या माळावर, आकाश बघायला जाते. एवढी रक्कम आयुष्यात एकदाच खर्च होणार, तर ती कोणत्या भिंगावर, यावर आम्ही बरंच भांडलो. ते बोलणं इथे मांडते. त्यात मी एका बाजूची आहे, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

मामा: मला दोन-दोन वस्तू सांभाळायच्या नाहीत. ८×४२ घ्यायचं, उत्तमातलं घ्यायचं, आणि डोळे आहेत तोवर तेच वापरायचं. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, थंडीत धुपदाळच्या पाण्यावर आणि रात्री तू म्हणशील तिथे. भिंग चांगलं असलं की दिवसाही चांगलं आणि रात्रीही चांगलं. यात वाद कसला?

मी: वाद त्या ४२चा आहे, मामा. ८ म्हणजे आठपट, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८नं भागा, सव्वापाच येतात. आयपीसमधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो. भर दुपारी तुमची बाहुली उघडी असते दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे गोळा केलेल्या प्रकाशातला किमान दोन तृतीयांश बुबुळावरच पडतो, आत जातच नाही. दुपारी ८×३२सुद्धा तुम्हाला तेवढंच उजळ दिसेल. आणि रात्री, जेव्हा एकेक थेंब प्रकाश हवा असतो, तेव्हा ४२ अपुरं पडतं.

मामा: दुपारी बाराला पक्षी बघतो कोण? जांबोटीच्या पुढे, भीमगडच्या बाजूला, सकाळी सातला झाडांखाली काळोखच असतो की. पावसाच्या तोंडावर नवरंग तिथे पाचोळ्यात उड्या मारत असतो. त्या काळोखात बाहुली चांगली उघडते आणि ३२ व ४२ यांतला फरक मी डोळ्यांनी बघितलाय. दुसरं असं, झोत रुंद असला की डोळा थोडा सरकला तरी चित्र जात नाही. धनेश डोक्यावरून चाललाय, मी मान वळवतोय, अशा वेळी डोळा नेमका मध्यावर धरून कोण बसणार?

इथे मी मान्य केलं. तक्त्यांतले आकडे स्थिर डोळ्यासाठी असतात, आणि पक्षी बघणाऱ्याचा डोळा कधी स्थिर नसतो. तरी रात्रीचा हिशोब बाकी होता.

मी: बरं, पहाटेचं रान तुमचं. आता रात्र बघू. विशीतल्या माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीनंतर साधारण ५. म्हणून जहाजावरचं ७×५० कुणी कितीही वाखाणलं तरी तुम्ही घेऊ नका. त्याचा झोत ७ मिलिमीटरचा, तुमची बाहुली ५ची, म्हणजे तुमच्यापुरतं ते ७×३५ झालं. ८×४२ मध्ये तुमचे ४० मिलिमीटर कामी येतात. १०×५० मध्ये पुरे ५०. दोन्हींचे वर्ग करून भागाकार करा, दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश आहे. मेच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजापासून २६ अंशांवर येतो. दिल्लीहून तो जेमतेम १४ अंशांवर, धुळीत. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर एक कोटीच्या आसपास तारे एका गोळ्यात आहेत. ८×४२ मध्ये तो पुसट ठिपका वाटतो. १०×५० मध्ये तो गोल आहे, मध्ये दाट आणि कडेला विरळ आहे, हे कळतं.

मामा: आणि थरथर? दहापट केलं की माझ्या हाताची थरथरही दहापट होते. पुसट गोळा नाचत असला तर तो कितीही मोठा असो, काय दिसणार?

मी: हातात धरायचंच नाही. बाजेवर उताणं पडायचं, कोपर छातीला लावायचे. नाहीतर ट्रायपॉड. नाहीतर कॅननचं थरथर थोपवणारं बायनॉक्युलर. तशी १९९५ पासून निघतात, आणि २००५ साली आलेलं त्यांचं १०×४२ तर पावसातही चालतं. बटण दाबलं की चित्र थांबतं. गुरूचे चंद्र खिळल्यासारखे दिसतात.

मामा: वजन किलोच्या वर, आणि आत बॅटरी. रानात गळ्यात अडकवून चार तास चालून बघ, मग सांग. बॅटरी संपली की लाखाची वस्तू साधी होते. मला असं यंत्र हवंय जे मी मेल्यावरही चालेल.

हे वाक्य मामा अगदी सहज बोलले. बॅटरीचं राहू द्या, पण उत्तम काचेचं बायनॉक्युलर नीट ठेवलं तर एका पिढीकडून दुसरीकडे जातं, हे खरं आहे. त्यात लवकर जुनं होणारं काही नसतं.

मी: मग काचेचंच बोलू. दोन लाख नक्की कशाचे, ते सांगा. बायनॉक्युलरमध्ये उलटं चित्र सुलटं करायला लोलक लागतात. जुनी पद्धत पोरोची. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोनं १८५४ साली तिचं पेटंट घेतलं, आणि १८९४ साली झाइसनं अर्न्स्ट आबेच्या हाताखाली तशी बायनॉक्युलर्स बाजारात आणली. रुंद खांद्यांची, नळ्या बाजूला सरकलेल्या, ती. दुसरी पद्धत रूफ प्रिझमची, सरळ नळ्यांची, तुम्हाला हवी ती. रूफमध्ये प्रकाश छपरासारख्या कडेवर दोन भागांत फुटतो आणि परत जुळताना दोन्हींची लय जराशी चुकते, चित्र किंचित मऊ होतं. ते दुरुस्त करायला लोलकावर खास थर द्यावा लागतो. झाइसनं तो १९८८ साली आणला. शिवाय नेहमीच्या रूफ रचनेत एक पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो, तोही महागाचा. पोरोला हा रोगच नाही. म्हणून पंधरा हजारांच्या आसपास मिळणारं चांगलं १०×५० पोरो ताऱ्यांवर लावलं तर मध्यभागी ते दोन लाखांच्या रूफच्या फार मागे राहत नाही. तुम्ही मोजताय ते पैसे मुख्यतः लहान, सडपातळ, पाण्यात न भिजणाऱ्या नळीचे आहेत. दिवसाचे आहेत.

मामा: मध्यभागी म्हणालीस. आणि कडेला?

मी: कडेला पोरो हरतं. साध्या १०×५० मध्ये कडेचे तारे ठिपके राहत नाहीत, त्यांना शेपट्या फुटतात.

मामा: मग? अर्धं आकाश शेपट्यांचं बघायचं का? स्वारोव्स्कीचं एनएल प्युअर २०२० साली आलं. त्याच्या ८×४२ मध्ये हजार मीटरवर १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. झाइसच्या एसएफमध्ये १४८, लायकाच्या नॉक्टिव्हिडमध्ये १३५. आणि पहिल्या दोन्हींत कडेपर्यंत काच स्वच्छ आहे, असं सगळे सांगतात. १५९ मीटर म्हणजे अंशांत किती ते तूच सांग.

मी: नऊ अंशांहून किंचित जास्त. अठरा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं मावतील.

मामा: आणि तुझ्या साध्या १०×५० मध्ये?

मी: साडेसहा. नऊ अंश १०×५० मध्येच हवे असतील तर निकॉनचं डब्ल्यूएक्स आहे. कंपनीच्या शताब्दीला, २०१७ साली आलं, खास आकाशासाठी. वजन अडीच किलो, प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा फिरवायचा, किंमत तुमच्या बायनॉक्युलरच्या जवळपास दुप्पट. ताऱ्यांना एकदा फोकस केला की रात्रभर हात लावावा लागत नाही, म्हणून तिथे ते चालतं. पक्ष्यांसाठी निरुपयोगी. उत्तमातलं उत्तम करायला गेलं की दिवस आणि रात्र अशा दोन वाटा होतात, त्याचा हा पुरावाच समजा.

मामा: तो अडीच किलोचा पुरावा घेऊन तवंदी घाट चढ तू. मी ८×४२च घेणार.

रुंद दृश्यक्षेत्राची किंमत आकाशात जेवढी कळते तेवढी जमिनीवर कळत नाही, असं माझं मत आहे. मृगाचा पट्टा आणि खालची तलवार एका नजरेत आली की तेजोमेघ कुठे आहे ते शोधावं लागत नाही. ययाती आणि शर्मिष्ठा यांच्यामधला जोडगुच्छ भोवतालच्या ताऱ्यांसकट दिसला तरच तो आकाशगंगेच्या पट्ट्यात बसला आहे हे समजतं. दिवसा मात्र आपली नजर मधल्या पक्ष्यावर असते. कडेची काच चांगली की वाईट, हे पाहायला सवडच नसते. मामांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी उलटा अनुभव ठेवला.

मामा: कडेपर्यंत सपाट चित्राचं एक दुखणं आहे, ते तुझ्या ताऱ्यांत कळणार नाही. असंच एक नामांकित बायनॉक्युलर मी हिडकलच्या जलाशयावर लावलं होतं. पट्टकादंबांचा थवा उठला, मी त्याबरोबर वळलो, तर सगळं पाणी गोल घुमटावरून घसरल्यासारखं वाटलं. डोकं गरगरलं.

मी: होय, तो परिणाम असतो. सरळ रेषा कडेला थोड्या आत वाकू दिल्या की बायनॉक्युलर फिरवताना असं होत नाही. म्हणून काही कारखाने तेवढा दोष मुद्दाम ठेवतात. काहींनी तो पार काढला, तेव्हा रात्रीच्या लोकांना आनंद झाला आणि दिवसाच्या लोकांना चक्कर आली. सगळ्यांना येतही नाही. ज्याच्या-त्याच्या डोळ्यावर आहे.

मामा: म्हणजे तक्ता वाचून घेता येत नाही.

मी: नाही येत. आणि आपल्या भागात लाखाच्या वरचं बायनॉक्युलर दुकानात हातात घेऊन बघायला मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. लोक वजन, मीटर, टक्के वाचतात आणि पैसे पाठवून मोकळे होतात.

टक्क्यांवरून आठवलं. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेत हरवतो, आणि हरवलेला प्रकाश धुक्यासारखा चित्रावर पसरतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ साली यावर पातळ थराचा उपाय शोधला. आजच्या उत्तम बायनॉक्युलरमधून ९० टक्क्यांच्या वर प्रकाश पार जातो. मध्यम किमतीच्या, चाळीस-पन्नास हजारांच्या गटातल्या चांगल्या वस्तूही त्याच्या जवळ पोचतात. त्या चार-पाच टक्क्यांचा फरक ताऱ्यांत डोळ्याला कळत नाही, हे मी मामांना वारंवार सांगते. त्यांचं उत्तर वेगळ्याच अंगानं आलं.

मामा: टक्के नाही गं, रंग. धुपदाळच्या चिखलात थंडीत हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी शेजारी-शेजारी चरतात. एकीचे पाय गडद हिरवट, दुसरीचे पिवळसर. काचेत पिवळी झाक असली की दोन्ही सारख्या. कापशी तारेवर बसते, मागे पांढरंफेक ढगाळ आकाश. साध्या काचेत तिच्या अंगाभोवती जांभळी कड येते. पंखाचा काळा भाग कुठे संपतो ते कळत नाही. पक्षी ओळखणं म्हणजे अशा बारक्या रंगांवर हात ठेवणं. तुझे तारे बहुतेक पांढरेच.

मी: पांढरे नाहीत. रोहिणी, ज्येष्ठा, काक्षी यांचे रंग चांगल्या काचेत फार सुंदर दिसतात. पण जांभळ्या कडेचं तुम्ही बरोबर बोललात, ती मला चंद्राच्या कडेवर दिसते. भारी बायनॉक्युलरमधली खास काच तिथे पैसे वसूल करते.

मामा: आता पावसाळा. जून ते सप्टेंबर तुझं आकाश बंद. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मी तेव्हाच तिथे जातो, शीळकरी कस्तूर तेव्हाच गातो. माझ्या पहिल्या पोरोत दोन पावसाळ्यांत बुरशी आली. आतल्या लोलकावर कोळ्याचं जाळं पसरावं तशी. नायट्रोजन भरून बंद केलेली नळी ही माझ्यासाठी चैन नाही, ती गरज आहे.

मी: माझं पोरो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतं. वर्षानुवर्षं चांगलं राहिलंय. पण ते पावसात बाहेर जात नाही, हे खरं.

यापुढे मी माझा सगळ्यात जड मुद्दा काढला.

मी: मामा, दोन लाखांत माझ्या वर्गातल्या मुलांसाठी डझनभर १०×५० येतात. एका रात्रीत डझनभर मुलं देवयानी दीर्घिका बघतील, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. तुमच्या एकाच भिंगाला रांग लावावी लागेल.

मामा: खरं आहे. ते काम करायला हवं, आणि त्याला मी वेगळे पैसे देईन. पण एक लक्षात घे. जॉर्ज अल्कॉक हा इंग्लंडमधला शाळामास्तर, माझ्यासारखाच. त्यानं पाच धूमकेतू आणि पाच नवतारे शोधले. हजारो तारे पाठ केले होते त्यानं. १९८३ साली त्यानं धूमकेतू पकडला तो घराच्या बंद खिडकीच्या काचेतून, १५×८० बायनॉक्युलरनं. एका माणसाचं एका भिंगाशी वर्षानुवर्षांचं नातं असतं, त्यातून हे होतं. डझनभर भिंगं कपाटात असून होत नाही.

मी: आणि ह्याकुताकेनं १९९६ साली आपला धूमकेतू शोधला तो २५×१५०नं. दोघांनीही मोठं भिंग घेतलं. ४२ नाही घेतलं.

मामा: त्या मार्चमध्ये सप्तर्षींपाशी ती शेपटी मी नुसत्या डोळ्यांनी बघितली होती. भिंग नसलं तरी बघता येतं, असंही म्हणेन मी.

वाद इथे अडला होता. मग मामांनी चष्मा काढून पुसला आणि माझं १०×५० उचलून गच्चीवरून गुरूकडे लावलं. चष्मा पुन्हा चढवून बघितलं, परत काढून बघितलं. चष्मा लावला की त्यांना चित्राचा मधला भागच दिसायचा, कारण साध्या पोरोत डोळा काचेच्या फार जवळ न्यावा लागतो. जेमतेम १२ मिलिमीटर अंतर. चष्मा काढला की गुरूला शिंग फुटायचं, कारण मामांना सिलिंडरचा नंबर आहे. जवळचा किंवा लांबचा नंबर फोकसच्या चाकानं भरून निघतो, सिलिंडरचा निघत नाही. ज्या भारी बायनॉक्युलर्सबद्दल ते बोलत होते, त्यांत हे अंतर १८ मिलिमीटरच्या आसपास असतं, चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं. पंधरा हजारांचं माझं उत्तर माझ्या डोळ्यासाठी बरोबर होतं, मामांच्या डोळ्यासाठी नव्हतं. तिथून मी त्यांच्या खरेदीला विरोध करायचं सोडलं. मात्र ती कशी करावी, यावर अडून बसले.

मी: घ्या ८×४२. पण ते दिवसा बघून पसंत करू नका. दिवसा मेंदू चुका झाकतो. पक्ष्याला पिसं असतात, पानांना शिरा असतात, त्यात थोडा मऊपणा कुठे गेला ते कळत नाही. तारा हा नुसता बिंदू आहे, तो काहीच झाकत नाही. व्याध मध्ये धरा. एकच टोकदार ठिपका दिसायला हवा. दोन दिसले तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. भोवती लांब सुया निघाल्या तर रूफची कड नीट घासलेली नाही. मग तारा हळूहळू कडेला न्या. तो फुगला की फोकस फिरवा. फोकसनं परत ठिपका झाला तर दोष सौम्य, चित्राचा पडदा थोडा वाकलाय इतकंच. फोकसनंही शेपटी गेली नाही तर ती काच तुमच्या दोन लाखांची नाही. चंद्र असेल तर त्याची कड बघा, जांभळी-हिरवी रेघ मध्यभागी येता कामा नये. आणि महामार्गाचा एखादा दिवा दृश्याच्या जरा बाहेर ठेवून काळ्या आकाशावर धुकं चढतं का ते बघा. तेच धुकं तुम्हाला उगवत्या सूर्यापुढच्या भोवत्या पक्ष्यावर दिसणार आहे, पण तेव्हा तुम्ही दोष सूर्याला द्याल.

मामा: हे मला आवडलं. पण तुझी परीक्षा अर्धी आहे. जवळचा फोकस ताऱ्यावर कळत नाही, मला दीड-दोन मीटरवरचं फुलपाखरूही बघायचं असतं. चाक किती चपळ फिरतं ते कळत नाही. फिरवताना गरगरतं का, तेही कळत नाही. रंग तर नाहीच. शिवाय टिळकवाडीच्या गच्चीवरून काय दिसेल, ते तवंदीच्या माळावर कळणार नाही.

मी: गच्चीवर १०×४२ बरं. झोत ४.२ मिलिमीटरचा, त्यामुळे शहराचं उजळ आकाश काळं पडतं आणि तारे वर येतात. ८×४२ मध्ये तेच आकाश राखाडी राहतं.

मामा: आणि रानात १०×४२ थरथरतं, दृश्य अरुंद होतं. सकाळी दहानंतर पाण्यावरून गरम हवा हलायला लागली की दहापटीचा काही उपयोगही होत नाही. मी किती वेळ गच्चीवर असतो आणि किती वेळ रानात?

मी: रानात जास्त.

मामा: मग आठ.

आठ की दहा, यावर माझं समाधान झालेलं नाही. शहरात राहणाऱ्या आणि आकाशाकडे वळू पाहणाऱ्या माणसाला मी अजूनही १०×४२ सुचवेन, आणि हात स्थिर नसेल तर एक साधा मोनोपॉड. मामांचं ठरलं आहे. गोव्याहून येणाऱ्या एका पक्षीमित्राकडे त्यांना हव्या त्या जातीचं ८×४२ आहे, ते एका दिवसासाठी मिळणार आहे. संध्याकाळी ते घेऊन मामा निपाणीला येतील आणि रात्री माळावर माझ्या यादीप्रमाणे ताऱ्यांवर तपासणी होईल. शेजारी माझं १०×५० ट्रायपॉडवर असेल. पहाटे तंबाखूच्या रानांवरून भोवत्ये उडतात, तिथे त्यांची यादी: थव्याबरोबर वळून बघायचं, बांधावरच्या चंडोलावर चाक फिरवायचं, पायाशी बसलेल्या टोळावर फोकस करायचा. दोन्ही याद्या मी एकाच कागदावर लिहून ठेवल्या आहेत, आणि ढग आले तर तारीख पुढे ढकलायची, पण रात्रीची यादी गाळायची नाही, हे मामांकडून कबूल करून घेतलं आहे.